संशोधकांनाही बोलायला शिकवावे लागते

"डॉक्टर, रोज सकाळी कपालभाती करतो आहे. आता रक्तदाबाची गोळी सोडली तर चालेल ना?" लोणावळ्यापासून तळेगावपर्यंत कोणत्याही दवाखान्यात हा प्रश्न वरचेवर ऐकू येतो. विचारणारे गृहस्थ अडाणी नसतात. बहुधा ते निवृत्त शिक्षक, रेल्वेतील कर्मचारी किंवा दुकानदार असतात आणि वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचतात. योगाने रक्तदाब उतरतो हे 'संशोधनाने सिद्ध झाले आहे' असे त्यांनी कुठेतरी वाचलेले असते आणि ते अगदीच खोटे नसते. पण रक्तदाब किती उतरला, किती लोकांचा उतरला, ते लोक गोळी घेत होते की नव्हते, हा सगळा तपशील वाटेत गळून पडतो. हातात उरतात ते दोनच शब्द, 'सिद्ध झाले'.

प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकू. गोळी आपल्या मनाने सोडू नये. सावकाश श्वसन, शवासन, नियमित आसने यांनी रक्तदाब काही अंशी उतरू शकतो, पण प्रत्येकाचा सारखा नाही आणि चार दिवसांत तर नाहीच. गोळीची मात्रा कमी करायची की नाही हे वारंवार मोजलेल्या रक्तदाबावरून डॉक्टरांनी ठरवायचे असते. शिवाय कपालभाती ही सावकाश क्रिया नव्हे. पोटाला जोराचे हिसके देऊन श्वास बाहेर फेकण्याची ती क्रिया आहे. रक्तदाब आटोक्यात नसेल, हृदयविकार किंवा हर्निया असेल, गर्भारपण असेल, तर ती करू नये.

आता मुख्य विषयाकडे वळू. संशोधन प्रयोगशाळेतून निघते तेव्हा पूर्ण असते आणि आपल्या घरी पोहोचते तेव्हा अर्धे होते, असे का व्हावे? दोष नेहमी वर्तमानपत्रांवर, जाहिरातींवर आणि अलीकडे मोबाईलवर टाकला जातो. त्यांचा वाटा आहेच. पण ज्याने संशोधन केले त्याला ते चार माणसांत सांगता येत नाही, हेही एक मोठे कारण आहे. आणि सांगता येत नाही, कारण ते त्याला कोणी शिकवलेलेच नसते.

लोणावळ्यातील एक जुने उदाहरण

हा विषय परदेशातून आलेला नवा आहे असे समजण्याचे कारण नाही. त्याचे एक उत्तम उदाहरण आपल्या लोणावळ्यातच आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली येथे कैवल्यधामची स्थापना केली. त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. ते डॉक्टर नव्हते, संस्कृतचे विद्वान होते आणि अमळनेरला शिक्षक म्हणून त्यांनी अनेक वर्षे काढली होती. बडोद्याला १९२०-२१ च्या सुमारास त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रिया करणाऱ्यांची क्ष-किरणांखाली तपासणी करून घेतली. पुढे नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो हे त्यांनी दाबमापक लावून दाखवले. हठयोगी बस्ती करताना नळीतून पाणी आपोआप वर ओढून घेतात, त्यात चमत्कार काही नाही, दाबाचा फरक आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. या निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूंवरून 'माधवदास व्हॅक्यूम' असे नाव दिले.

हे सगळे त्यांनी 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापायला १९२४ पासूनच सुरुवात केली. त्या नियतकालिकाची रचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. मोजमापे, आलेख, क्ष-किरण चित्रे यांचा शास्त्रीय विभाग वेगळा. ज्याला थोडे शरीरशास्त्र कळते त्याच्यासाठी अर्धशास्त्रीय विभाग. आणि ज्याला आसन करायचे आहे, पण आलेखाशी देणेघेणे नाही, अशा सामान्य वाचकासाठी लोकप्रिय विभाग. म्हणजे एकच माहिती तीन प्रकारच्या माणसांना तीन तऱ्हेने सांगावी लागते, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. जन्मभर मुलांना शिकवलेल्या माणसालाच हे सुचावे, यात मला तरी नवल वाटत नाही. एवढीच खंत की हे नियतकालिक इंग्रजीत होते. कार्ला-मळवलीच्या शेतकऱ्यासाठी चौथा विभाग निघायला हवा होता!

त्यांचा दुसरा गुण अधिक दुर्मीळ होता. आपल्या आवडत्या विषयाबद्दलची आवडती समजूत खोडायला ते कचरले नाहीत. प्राणायामाने शरीराला भरपूर जादा प्राणवायू मिळतो आणि म्हणून तो गुणकारी आहे, असे तेव्हाही सर्रास सांगितले जाई, आजही सांगितले जाते. कुवलयानंदांनी प्राणवायूची मोजणी केली आणि प्राणायामाचे मोल जादा प्राणवायूत शोधू नये, असे स्वच्छ लिहिले. योगाच्या प्रचाराला वाहून घेतलेल्या माणसाने हे लिहिले, हे विशेष.

त्यामागचे कारण आज समजावून सांगणे सोपे झाले आहे, कारण २०२०-२१ च्या साथीत घरोघरी ऑक्सिमीटर आले. बोटाला चिमटा लावला की निरोगी माणसाचा आकडा ९६, ९७, ९८ असा येई. याचा अर्थ असा की रक्तात प्राणवायू वाहून नेणारे जे हिमोग्लोबिन असते, त्याच्या जवळजवळ सगळ्या जागा साध्या श्वासानेच भरलेल्या असतात. पुणे-लोणावळा लोकलचे सगळे बाक भरलेले असतील, तर शिवाजीनगरच्या फलाटावर आणखी पाचशे माणसे उभी केल्याने बसलेल्यांची संख्या कशी वाढेल? प्राणायामाचा उपयोग असेल तो श्वासाची लय, मज्जासंस्था, मनाची शांतता या वाटेने. प्राणवायूचा 'साठा' करण्याच्या वाटेने नाही.

हे स्पष्टीकरण सात-आठ वाक्यांत झाले. ते दहावी झालेल्या कोणालाही कळेल. तरीही 'कपालभातीने शरीरात प्राणवायू भरून राहतो' हे वाक्य ऐकलेले नाही असा माणूस मावळात सापडणार नाही आणि लोणावळ्यात त्यावर झालेल्या मोजणीची माहिती असलेला माणूसही क्वचितच सापडेल.

भाताच्या खाचरात जमले ते

आपल्याच तालुक्यात विज्ञान लोकांपर्यंत उत्तम पोहोचल्याचेही उदाहरण आहे, पण ते आरोग्याचे नाही, शेतीचे आहे. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून काढलेला इंद्रायणी तांदूळ १९८७ साली प्रसारित झाला. आज तो आपल्या ताटात आहे. भाताच्या चारसूत्री लागवडीचे तंत्र डॉ. नारायण सावंत यांनी बसवले. त्यात मातीतील सिलिका, नत्राचा ऱ्हास, अन्नद्रव्यांचे शोषण असे बरेच अवघड शास्त्र आहे. शेतकऱ्याला मात्र चारच गोष्टी सांगितल्या. भाताच्या अवशेषांचा फेरवापर करा, गिरिपुष्पाचा पाला गाडा, नियंत्रित अंतरावर लावणी करा आणि चार चुडांच्या चौकोनात युरिया-डीएपीची एक गोळी खोचा. अंतर तरी मोजायचे कसे? तर १५ आणि २५ सेंटिमीटरवर खुणा केलेली दोरी हातात दिली. फूटपट्टी नाही, सूत्र नाही, एक दोरी!

हे जमले याचे कारण कृषी विद्यापीठांच्या कामाचे पहिल्यापासून तीन भाग मानलेले आहेत. शिक्षण, संशोधन आणि विस्तार. विस्तार म्हणजे जे शोधले ते बांधावर जाऊन सांगणे. त्यासाठी वेगळे शिक्षण आहे, वेगळी माणसे आहेत, शिवारफेरी आहे, मेळावे आहेत. शेतकरी तोंडावर सांगतो, "साहेब, हे आमच्या खाचरात चालायचे नाही," आणि साहेबांना ते ऐकून घ्यावे लागते. वैद्यकीय संशोधनात असा विस्तार विभाग नाही. सामाजिक वैद्यकशास्त्राचे विभाग महाविद्यालयांत असतात, आशाताई आणि परिचारिका गावोगाव फिरतात. पण ज्याने शोध लावला तो स्वतः बांधावर येत नाही.

बोलता का येत नाही?

तरुण संशोधक काय शिकतो ते पाहा. पाच-सहा वर्षे तो एकाच प्रश्नावर काम करतो. त्याने लिहिलेले वाचणारे जगभर पन्नासएक लोक असतात आणि त्या सर्वांना त्याचा विषय आधीच ठाऊक असतो. त्यांच्यापुढे साधे लिहिले तर त्याला पोरकट समजतील, ही भीती असते. हळूहळू त्याच्या तोंडी एक वेगळी भाषा बसते. जाणणाऱ्याला न जाणणाऱ्याची अडचण दिसेनाशी होते. सासूबाईंना पुरणपोळीची कृती विचारा, "अंदाजाने घाल गं" म्हणतील. त्यांना अंदाज आहे, सुनेला नाही, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही.

शब्दांचे घोटाळे तर रोजचे आहेत. तपासणीचा अहवाल 'पॉझिटिव्ह' आला म्हणजे चांगला आला, असे समजणारे आजही आहेत. 'क्रॉनिक' म्हणजे फार गंभीर, असा सर्रास समज आहे, वास्तविक त्याचा अर्थ दीर्घकाळ चालणारा एवढाच. संशोधक 'लक्षणीय फरक पडला' असे लिहितो, तेव्हा हा फरक केवळ योगायोगाने पडलेला नसावा, एवढेच त्याला गणिताने म्हणायचे असते. फरक मोठा आहे असे त्याने म्हटलेलेच नसते. आपण मात्र 'लक्षणीय' म्हणजे भरघोस असे वाचतो.

आकड्यांचा घोटाळा याहून मोठा आहे. समजा, एखाद्या गोळीने हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका ५० टक्क्यांनी कमी होतो अशी बातमी आली. हजार माणसांत एरवी दोघांना झटका येणार होता आणि गोळीमुळे तो एकालाच आला, तरी ही बातमी खरी ठरते. हजारातल्या दोनशेंचे शंभर झाले, तरीही तीच बातमी खरी ठरते. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. २०२० साली फायझर कंपनीची लस ९५ टक्के परिणामकारक असल्याचे जाहीर झाले, तेव्हा लस घेतलेल्या शंभरांपैकी पाच जण आजारी पडणार, असा अर्थ कित्येक शिकल्यासवरल्या लोकांनी काढला. प्रत्यक्षात सुमारे ४३ हजार लोकांच्या त्या चाचणीत १७० जणांना कोविड झाला, त्यांपैकी १६२ जण लस न मिळालेल्या गटातले होते आणि ८ जण लस मिळालेल्या गटातले. म्हणजे लस नसती तर जेवढे आजारी पडले असते, त्यांच्यातले शंभरातील पंचाण्णव वाचले. १६२ आणि ८ हे दोन आकडे पहिल्या दिवशीच शेजारी शेजारी मांडले असते तर चावडीवरच्या निम्म्या वादांना कारणच उरले नसते.

शिकवतात ते कसे?

सांगण्याची कला उपजत असते, ती शिकवता येत नाही, असा आपल्याकडे समज आहे. मायकेल फॅरेडेचे उदाहरण तो खोटा ठरवायला पुरे आहे. लोहाराचा हा मुलगा, बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला. पुढे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याच्या व्याख्यानांना गर्दी लोटू लागली. पण त्याआधी त्याने वक्तृत्वाच्या शिक्षकाकडे पैसे भरून रीतसर धडे घेतले होते. बोलण्याचा वेग वाढला की सहायकाने 'सावकाश' असे लिहिलेले कार्ड समोर धरावे, अशी व्यवस्थाही त्याने केली होती. १८२५ साली तेथे मुलांसाठी सुरू झालेली नाताळची व्याख्याने अजून चालू आहेत.

ब्रिटनमध्ये रॉयल सोसायटीने १९८५ साली एका अहवालात स्पष्टच म्हटले की लोकांशी बोलायला शिकणे हे शास्त्रज्ञाचे कर्तव्य आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ साली एक स्पर्धा सुरू केली. पीएच.डी.चा सगळा प्रबंध तीन मिनिटांत, एकाच चित्राच्या आधाराने सांगायचा. ती आता अनेक देशांत होते. अमेरिकेत ॲलन आल्डा या नटाच्या पुढाकाराने २००९ साली स्टोनी ब्रूक विद्यापीठात असे प्रशिक्षण देणारे केंद्र निघाले. तेथे शास्त्रज्ञांना चक्क नाटकाच्या तालमीतले खेळ खेळायला लावतात. दोघांनी समोरासमोर उभे राहायचे. एकाने हात हलवायचे आणि दुसऱ्याने आरशातल्यासारखी त्याची नक्कल करायची. दुसरा मागे पडला तर चूक त्याची नाही, पहिल्याची. त्याने समोरच्याला झेपेल एवढ्याच वेगाने हलायचे असते. आपल्याकडे हे कीर्तनकाराला सांगावे लागत नाही. श्रोते चुळबुळ करू लागले की तो टाळकऱ्यांकडे पाहतो, अभंग आवरता घेतो आणि गोष्ट सुरू करतो.

भारत सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २०१८ साली 'अवसर' नावाची योजना आणली. पीएच.डी. करणाऱ्या आणि त्यापुढील संशोधन करणाऱ्या तरुणांनी आपले काम सामान्य वाचकाला कळेल अशा लेखात मांडायचे. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी पहिले बक्षीस एक लाख रुपयांचे. योजना चांगली होती. पण लेख लिहिणे हे निम्मेच काम झाले. लेख वाचणारा मध्येच उठून "म्हणजे काय?" असे विचारत नाही. समोर बसलेला माणूस विचारतो.

चांगल्या प्रशिक्षणात आणखी एक गोष्ट शिकवतात आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. ती म्हणजे दृष्टांताची मर्यादा. दृष्टांत एकदेशी असतो, असे आपल्याकडे पूर्वीपासून सांगत आले आहेत. क्षयाच्या रुग्णाला दोन महिन्यांत बरे वाटू लागते आणि तो औषध सोडतो. त्याला "कोर्स पूर्ण करा" असे दहा वेळा बजावून उपयोग होत नाही. शेतातल्या हरळीचे उदाहरण दिले की चटकन कळते. वरून कापली तर रान स्वच्छ दिसते, पण मुळे जमिनीत असतात. पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक जंतू मरतात, पण उरलेले चिवट जंतू संपवायला नेहमीच्या क्षयात सहा महिने लागतात. येथपर्यंत दृष्टांत ठीक. पण हरळी विळ्याला सरावत नाही, जंतू अर्धवट औषधाला सरावतात आणि मग तेच औषध त्यांच्यावर चालत नाही. हे वेगळे सांगायलाच हवे, नाहीतर रुग्ण म्हणेल, "पुन्हा उगवली तर पुन्हा कापू."

याची दुसरी बाजूही आहे. बोलायला शिकलेला संशोधक खरेच बोलेल याची हमी नसते. उंदरांवरच्या प्रयोगातून 'मधुमेहावर रामबाण उपाय सापडला' अशी पत्रके संस्थाच काढतात. म्हणून आपल्याला अजून काय ठाऊक नाही, हे न लाजता सांगण्याची सवय प्रशिक्षणात लावावी लागते. गोड बोलण्यापेक्षा ते अवघड आहे.

मणी, फोटो आणि पोस्टकार्ड

महाराष्ट्रात हे ज्यांना साधले त्यांची तीन उदाहरणे देतो. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढे प्रश्न होता की शंभरापर्यंत मोजता न येणाऱ्या दाईने बाळाचा न्यूमोनिया ओळखायचा कसा? त्यांनी एक साधन बनवले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक अगदी लहान बाळासाठी, दुसरी त्याहून मोठ्या मुलासाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचलो तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजून उपचार सुरू करायचे. जागतिक आरोग्य संघटनेचे मोजमाप मण्यांत उतरले. ते मोजमाप वाचकांनीही लक्षात ठेवण्याजोगे आहे. खोकला किंवा धाप असलेले मूल शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे संशोधक. भारतीय माणूस बारीक दिसूनही त्याच्या अंगात चरबी जास्त असू शकते आणि म्हणून त्याला मधुमेह लवकर गाठतो, हे त्यांचे म्हणणे. हे त्यांनी केवळ तक्त्यांनी मांडले नाही. लंडनचे डॉ. युडकिन आणि ते स्वतः, असा दोघांचा फोटो त्यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखेच, निर्देशांक २२.३. अंगातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपल्याच अंगातील चरबी जगापुढे मांडणारा संशोधक विरळा. पण "मी कुठे जाडा आहे?" असे म्हणून रक्तातील साखर तपासायचे टाळणाऱ्या आपल्यासारख्यांना एवढा एक फोटो पुरेसा आहे.

तिसरे उदाहरण आरोग्याचे नाही, आकाशाचे आहे. डॉ. जयंत नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. मुले त्यांच्याकडे सही मागायला येत. ते म्हणत, सही देत नाही, मला पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न विचारून पाठवा, उत्तराखाली सही असेल. अशी असंख्य पोस्टकार्डे त्यांनी लिहिली. पोस्टकार्डाचा फायदा असा की त्यावर जागा थोडी असते आणि ते वाटेत कोणीही वाचू शकते. म्हणजे उत्तर थोडक्यात आणि सर्वांना कळेल असेच लिहावे लागते. तीन मिनिटांच्या स्पर्धेहून ही तालीम मला कमी वाटत नाही.

मावळात काय करता येईल?

सामग्री येथे भरपूर आहे. लोणावळ्यात योगावर संशोधन होते, तळेगाव दाभाड्याला वैद्यकीय महाविद्यालय आहे, वडगावला भाताचे केंद्र आहे आणि तासाभराच्या अंतरावर पुण्यातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळा आहेत. शिकवायला तज्ज्ञ बाहेरून आणायची गरज नाही. संशोधन करणाऱ्या तरुण डॉक्टरांना महिन्यातून एक सकाळ आशाताईंच्या बैठकीत बसवावे. त्यांनी आपला विषय दहा मिनिटांत मराठीत सांगावा, पडद्यावर काही न दाखवता. मग ताईंपैकी एकीने उठून, आपण हे वाडीवर कसे सांगू, ते बोलून दाखवावे. तिच्या सांगण्यात जे गळेल किंवा बदलेल, ते पहिल्याने नीट सांगितले नव्हते असे धरावे आणि पुन्हा सांगायला लावावे. ही परीक्षा कोणत्याही विद्यापीठाच्या परीक्षेपेक्षा कडक ठरेल, कारण ताईंना दुसऱ्याच दिवशी दारोदार त्याची उत्तरे द्यायची असतात.

ही रीत दवाखान्यातही चालते. डॉक्टरांनी औषध समजावून झाल्यावर "कळले ना?" असे विचारू नये. त्यावर मान हलवण्याखेरीज दुसरे उत्तर नसते. त्याऐवजी "घरी गेल्यावर वहिनींना काय सांगाल?" असे विचारावे. आणि डॉक्टरांनी नाही विचारले, तर आपणच म्हणावे, "थांबा, मला काय कळले ते बोलून दाखवतो." संकोच वाटेल, पण अर्धे मिनिट लागते.

'संशोधनाने सिद्ध झाले' असे कोणी सांगितले, तर प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर, किती जणांवर आणि किती दिवस, तुलना कशाशी केली, एवढे विचारावे. सांगणाऱ्याला उत्तरे ठाऊक नसतील तर ती गोष्ट तूर्त ऐकीव समजावी.

या स्तंभापुरती एक सुरुवात करू. आपल्या तपासणीच्या अहवालातला, डॉक्टरांच्या चिठ्ठीतला किंवा औषधाच्या पुडीवरचा जो शब्द कळला नसेल, तो पोस्टकार्डावर लिहून या वर्तमानपत्राच्या कार्यालयात पाठवावा. आपले नाव आणि आजार लिहू नये, शब्द तेवढा लिहावा. पुढचे काही आठवडे आधी त्या शब्दांचेच घेऊ.